कोळशाची ग्रिल घेताय? आधी हवेचा रस्ता बघा

कोळशाची ग्रिल घ्यायची म्हटलं की सगळे आधी साइज बघतात, रंग बघतात, बाजूला टेबल आहे का, चाकं आहेत का, झाकणावर थर्मामीटर आहे का. हे बघायला हरकत काहीच नाही, पण ज्या गोष्टीवर तुमचा अख्खा स्वयंपाक अवलंबून आहे तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही आणि ती म्हणजे हवा. हवा आत कुठून येते, बाहेर कुठून जाते आणि ती आपल्याला कमी-जास्त करता येते का. गॅसच्या ग्रिलला नॉब असतो, इथं आंच वाढते-उतरते ती हवेनं. एवढं एक डोक्यात बसलं ना की ग्रिल कुठली, कोळसा कुठला आणि तो पेटवायचा कसा हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात, म्हणून आधी कोळशाचंच बघू.

लाकूड हवा लागू न देता भरपूर तापवलं की त्यातलं पाणी उडून जातं, डांबरासारखे चिकट पदार्थ आणि जळणारे वायू निघून जातात आणि मागे राहतो तो मुख्यतः कार्बन, हाच आपला लाकडी कोळसा. (खाणीतला दगडी कोळसा हा वेगळा माल, त्यात गंधक वगैरे असतं, त्याच्यावर काहीही भाजायचं नाही.) लाकडाचा धूर आणि ज्वाळा ज्या मालातून निघतात तो माल आधीच गेलेला असतो, त्यामुळे चांगला कोळसा नीट फुलला की धूर जवळजवळ नाही, ज्वाळा जेमतेम, नुसती धग. आणि हा कार्बन जळतो तो वरच्या वर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन कोळशाच्या अंगाला जेवढा लागेल तेवढाच तो जळणार. हवा वाढवली की निखारा लालबुंद होतो, कमी केली की मंद होतो आणि हवा पूर्ण तोडली की विझतो, आणि असा विझलेला कोळसा पुढच्या वेळी परत वापरता येतो.

इथंच एक गोष्ट सांगून टाकतो कारण ती जिवाशी संबंधित आहे. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत गुंगी येते. म्हणून कोळशाची ग्रिल घरात, गॅरेजमध्ये, तंबूत, काचा लावलेल्या बाल्कनीत कधीच लावायची नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. आणि विझत आलेली ग्रिल पाऊस आला किंवा थंडी वाजली म्हणून आत ओढून घेणं हे तर त्याहून वाईट, कारण धुमसणारे निखारे हा वायू सोडतच राहतात आणि तेव्हा कुणाचं लक्षही नसतं.

आता ग्रिलचे प्रकार. सगळ्यात साधी म्हणजे उघडी ग्रिल, एक ट्रे, त्यात कोळसा, वर जाळी, झाकण नाही. हिबाची या जपानी शेगडीसारख्या छोट्या ग्रिल याच घराण्यातल्या. पातळ तुकडे, काड्यांवर ओवलेले पदार्थ, मासा, भाज्या, म्हणजे जे काही दहा मिनिटांत खालच्या धगीवर होऊन जातं त्याच्यासाठी ही उत्तम आहे आणि ज्याला एवढंच करायचंय त्यानं उगाच मोठं धूड घेऊ नये. पण हिच्यात हवा चारही बाजूंनी येते, तुमचा तिच्यावर ताबा नाही, त्यामुळे आंच कमी करायची तर कोळसा पसरवायचा नाहीतर जाळी वर उचलायची एवढेच मार्ग. म्हणून उघडी घेणार असाल तर जाळी किंवा कोळशाचा ट्रे वर-खाली करता येतो ना हे नक्की बघा, दोन-तीन खाचा असल्या तरी खूप फरक पडतो.

मग येते झाकणवाली गोल ग्रिल, केटल. ही आली कुठून ते सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत शिकागोकडे वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस काम करायचा, तिथं पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनायचे, आणि त्याला उघड्या ग्रिलचा वैताग आला होता, वाऱ्यानं राख उडते, आंच हातात राहत नाही. तर १९५२ मध्ये त्यानं असाच एक धातूचा गोळा घेऊन मधोमध कापला, खालच्या वाटीला पाय लावले, वरच्या भागाचं झाकण केलं आणि दोन्हीकडे हवेची सोय ठेवली. आज केटल नावानं जे जे मिळतं ते सगळं मुळात हेच आहे.

झाकणानं एवढं काय होतं? तर झाकण लावलं की गरम हवा वर चढून वरच्या भोकातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या भोकातून ताजी हवा ओढली जाते, म्हणजे हवेला आता एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर दोन झडपा आहेत ज्या तुमच्या हातात आहेत. वरची झडप शक्यतो उघडीच ठेवायची, निदान अर्धी तरी, नाहीतर धूर आत कोंडून पदार्थाला कडवट चव येते, आणि कमी-जास्त करायचं ते खालच्या झडपेनं. तापमान बदलायला वेळ लागतो, झडप हलवून पाचएक मिनिटं थांबायचं असतं, बरेच लोक तेवढ्यात तीन वेळा हलवतात आणि मग म्हणतात की कंट्रोलच होत नाही. झाकणाचा दुसरा फायदा असा की चरबी निखाऱ्यावर पडून भडका उडाला तर झाकण लावायचं, हवा कमी होते, भडका बसतो, पाणी मारायची गरज नाही (पाण्यानं राख उडून पदार्थावर बसते आणि अंगावर वाफ येते ती वेगळीच). आणि तिसरा फायदा म्हणजे मोठा तुकडा, हाडासकटचा तुकडा, अख्खा पक्षी, जे नुसत्या खालच्या धगीवर बाहेरून करपतं आणि आतून कच्चं राहतं ते झाकणाखाली गरम हवेत आतपर्यंत शिजतं.

बॅरल म्हणजे पिंप लांबीच्या बाजूनं चिरून आडवा ठेवल्यासारखी ग्रिल, तत्त्व तेच, फक्त जागा लांबट असल्यानं एका टोकाला कोळसा आणि दुसरं टोक मोकळं ठेवणं सोपं जातं, पण स्वस्तातल्या बॅरलमध्ये झाकण आणि अंग यांच्यात एवढ्या फटी असतात की झडप बंद करूनही हवा आत जातच राहते. आणि कमाडो म्हणजे जाड सिरॅमिकची अंड्याच्या आकाराची ग्रिल, जपानी मातीच्या चुलीवरून आलेली, बिग ग्रीन एग हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, ती कंपनी १९७४ पासूनची. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, झाकण घट्ट बसतं, त्यामुळे थोडक्या कोळशात तासन्तास एकसारखं तापमान राहतं. पण ती जड असते, महाग असते, आपटली तर तडकते आणि एकदा जास्त तापली की लवकर खाली येत नाही. आणखी एक, कमी हवेवर चाललेल्या कमाडोचं झाकण एकदम उघडलं तर आत साठलेल्या गरम वायूंना अचानक हवा मिळून तोंडावर जाळ येऊ शकतो, म्हणून आधी दोन बोटं उघडून थोडं थांबायचं आणि मग पूर्ण उघडायचं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिलीच ग्रिल घेणाऱ्यानं मध्यम केटल घ्यावी, २२ इंची म्हणजे साधारण ५७ सेंटिमीटरवाली. यापेक्षा लहान घेताना लोक हे विसरतात की जाळीची पूर्ण जागा कधी वापरायची नसते, अर्ध्या भागाखाली कोळसा आणि अर्धा भाग मोकळा अशी मांडणी बहुतेक वेळा लागते, म्हणजे कामाची जागा अर्धीच.

ग्रिल समोर आली की हात लावून तपासा. झाकण ठेवून चारही बाजूंनी फट बघा. झडप शेवटपर्यंत फिरवा, पूर्ण बंद होते का, की पत्रा वाकलेला आहे. कोळसा ठेवायची वेगळी जाळी आहे का आणि ती तळापासून वर आहे का हे तर बघाच, कारण कोळसा थेट तळावर असेल तर खालून हवा मिळत नाही आणि राख साठली की निखारे स्वतःच्याच राखेत गुदमरतात. स्वयंपाकाच्या जाळीचा कडेचा भाग उचलता येत असेल तर मध्येच कोळसा टाकता येतो, छोटी गोष्ट आहे पण लांबच्या स्वयंपाकात फार कामाची. पत्रा जाड हवा आणि त्यावर साध्या रंगापेक्षा भट्टीत भाजलेला इनॅमल (काचेसारखा कडक मुलामा) हवा, साधा रंग तापून पोपडे धरतो आणि मग गंज. झाकणावरचा थर्मामीटर हा वरच्या हवेचं तापमान सांगतो, जाळीवर त्यापेक्षा बराच फरक असू शकतो, त्यामुळे तो नसला तर ग्रिल नाकारायची नाही आणि असला म्हणून भाळायचं नाही.

जाळीचं म्हणाल तर बिडाची जाळी उष्णता छान धरते, पदार्थावर काळ्या रेघा मस्त उठतात, पण तेल लावून ठेवावी लागते नाहीतर गंजते. जाड सळ्यांची स्टेनलेस जाळी ही कमी कटकटीची. घासायला तारेचा ब्रश वापरत असाल तर त्याच्या तारा तुटून जाळीला चिकटत नाहीत ना ते दरवेळी बघा, तशी तार खाण्यातून पोटात गेलेली माणसं हॉस्पिटलमध्ये पोचलेली आहेत. आणि कुणी जुनी बादली किंवा टाकी कापून घरी ग्रिल बनवणार असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात नको, जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, निखाऱ्यांचं तापमान त्याच्या खूप वर जातं, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की ताप, थंडी, मळमळ सुरू होते.

कोळशात मुख्य दोन जाती. एक म्हणजे तुकड्यांचा कोळसा, सरळ लाकडाचे झालेले लहान-मोठे वेडेवाकडे तुकडे, आणि दुसरी ब्रिकेट, म्हणजे कोळशाचा चुरा स्टार्चसारख्या चिकट पदार्थात मळून साच्यात दाबलेल्या एकसारख्या वड्या. ब्रिकेटचा धंदा मोठा झाला तो हेन्री फोर्डमुळे, १९२० च्या दशकात मॉडेल टी गाड्यांना लागणाऱ्या लाकडी भागांचं उरलेलं लाकूड वाया जात होतं, त्याचा कोळसा करून वड्या विकायला सुरुवात झाली आणि तोच ब्रँड पुढे किंग्सफर्ड झाला. तुकडा कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी, झडप हलवली की पटकन ऐकतो, पण लवकर संपतो आणि पिशवीच्या तळाला निम्मा चुरा निघू शकतो, तो चुरा ग्रिलमध्ये ओतू नका, हवेच्या जागा बुजतात. ब्रिकेट हळू पेटते, राख भरपूर करते, पण एकसारखी आणि जास्त वेळ जळते, साधारण तासभर चांगली धग मिळते, आणि सगळ्या वड्या सारख्या असल्यानं किती टाकल्या की किती ताप हा अंदाज लवकर बसतो. शिकणाऱ्याला म्हणून ब्रिकेट सोपी. फक्त 'लगेच पेटणारी' म्हणून जी ब्रिकेट मिळते तिच्यात पेट्रोलियमचा द्रव आधीच मुरवलेला असतो, ती मला पटत नाही, कारण मध्येच भर घालायची वेळ आली तर तो वास थेट खाण्याला लागतो.

आणि कोळसा कोरडा ठेवा. कोळशाला बारीक छिद्रं असतात, तो हवेतली ओल ओढून घेतो, आणि मग पेटवायला लागलेली निम्मी आंच ते पाणी उडवण्यातच जाते. झाकणाच्या डब्यात ठेवला की 'कोळसा पेटतच नाही' या तक्रारीतल्या निम्म्या तक्रारी संपतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर आता पेटवणं. कोळसा पेटायला त्याचा एक कोपरा बराच वेळ खूप गरम राहिला पाहिजे आणि तोवर खालून हवा मिळत राहिली पाहिजे, एवढंच काम आहे, सगळ्या पद्धती हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं करतात. ही दोन्ही कामं सगळ्यात छान कोण करत असेल तर तो चिमणी स्टार्टर, आणि ग्रिलसोबत एकच वस्तू घेणार असाल तर हीच घ्या. पत्र्याचं नळकांडं, आत खालच्या बाजूला एक जाळी, बाजूला हँडल. जाळीच्या वर कोळसा भरायचा, खाली कागदाचे दोन-तीन सैल बोळे किंवा पेटवणीची एक वडी (ही ब्रिकेट नव्हे, मेणात भिजवलेल्या भुशाची), आणि खालून काडी लावायची. बोळे घट्ट दाबायचे नाहीत, हवा अडते आणि कागद नुसता धुमसतो. खालचे कोळसे पेटले की गरम हवा नळीतून वर जाते, तिच्या मागोमाग खालून नवी हवा येते, खालचा थर मधल्याला पेटवतो, मधला वरच्याला, पंखा नको, फुंकर नको, डोळ्यात धूर नको. सुरुवातीची पाचएक मिनिटं दाट पांढरा धूर येतो तो कागदाचा आणि ओलीचा, घाबरायचं नाही. पंधरा ते वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडांवर राखाडी साय धरायला लागली आणि फटीतून आतलं लाल दिसायला लागलं की झालं. सगळेच पांढरे होईपर्यंत थांबलात तर खालचे निम्मे जळून गेलेले असतात. चिमणी ग्रिलच्या कोळशाच्या जाळीवरच ठेवून पेटवायची, लाकडी फळ्यांवर तर नाहीच पण सिमेंटच्या जमिनीवरही नाही, आत मुरलेली ओल तापून सिमेंटचे टवके उडू शकतात. ओतताना जाड हातमोजे, पायात बूट, आणि ओतायचं ते हळू, स्वतःपासून लांब.

चिमणी नसेल तर कोळशाचा ढीग टोकदार रचायचा आणि मध्ये पेटवणीच्या दोन-तीन वड्या लावायच्या, मेणात भिजवलेला लाकडाचा भुसा किंवा लाकडाचे बारीक तंतू अशी ती वडी असते, तिला वास नसतो, ती आठ-दहा मिनिटं जळते आणि वाऱ्यातही टिकते. विजेची कॉइल हा प्रकारही आहे, ती ढिगात खुपसायची, दहाएक मिनिटांत कोळसे लाल, पण जवळ प्लग हवा आणि कोळसे पेटले की ती काढून घ्यायची नाहीतर ती स्वतःच खराब होते. गरम हवेची गन तर त्याहूनही लवकर एक जागा पेटवते, ठिणग्या मात्र उडतात, आणि तीही विजेवरच.

आणि मग तो बाटलीतला लायटर फ्लुइड. अगदी वापरायचाच असेल तर थंड कोळशावर टाकायचा, मिनिटभर मुरू द्यायचा, बाटली बंद करून लांब ठेवायची आणि मग काडी, आणि कोळशांवर सगळीकडे राख धरेपर्यंत जाळीवर काहीही ठेवायचं नाही, झाकणही लावायचं नाही. पण पेटलेल्या किंवा नुसत्या कोमट कोळशावर परत फ्लुइड मारणं हे सरळ सरळ भाजून घेणं आहे, गरम कोळशावर पडताच त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते, जाळ धारेवरून बाटलीपर्यंत येऊ शकतो. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांचं तर नावही नको. कमाडोत फ्लुइड चालतच नाही, सिरॅमिक ते शोषून घेतं आणि वास पुढे कित्येक वेळा येत राहतो.

कोळसे ओतले की ते सगळीकडे सारखे पसरवायचे नाहीत. अर्ध्या भागात ढीग, अर्धा मोकळा. कोळशाच्या वरची बाजू भाजायला, मोकळी बाजू शिजवायला, आणि काही भडकलं तर पदार्थ सरकवायला जागा. आंच बघायची तर जाळीच्या १०-१२ सेंटिमीटर वर तळहात धरा, दोन ते चार सेकंदांत काढून घ्यावा लागला तर कडक, पाच-सहा म्हणजे मध्यम, आठ-दहा म्हणजे मंद. आणि मंद आंचेवर चार-पाच तास काढायचे असतील तर सगळा कोळसा पेटवायचाच नाही, केटलच्या कडेनं ब्रिकेटची अर्धगोल दुहेरी ओळ लावायची, वर अजून एक ओळ, आणि एका टोकाला फक्त आठ-दहा पेटलेल्या वड्या ठेवायच्या, मग उदबत्ती जळते तशी ती ओळ पुढे पुढे जळत जाते.

बरं, ती जी खास चव म्हणतात ती पूर्ण फुललेल्या कोळशातून फारशी येत नाही, तिचा मोठा भाग येतो तो पदार्थातला रस आणि चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो त्यातून. लाकडाचा वास हवा असेल तर सुक्या लाकडाचा एक-दोन मुठींएवढा तुकडा निखाऱ्यावर ठेवावा, रंग दिलेलं, चिकटवलेलं किंवा केमिकल लावलेलं लाकूड नको.

झालं की झाकण लावा, दोन्ही झडपा बंद करा आणि सोडून द्या. फटी नसतील तर निखारे बराच वेळ घेत विझतात आणि उरलेले कोळसे पुढच्या वेळी राख झटकून नव्यात मिसळता येतात, आधी जळालेला कोळसा तर पटकन पेटतो. पाणी ओतून विझवलं तर तापलेला पत्रा आणि इनॅमल तडकतं. राख मात्र दिसते तेवढी थंड नसते, तिच्या पोटात निखारा दोन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो, म्हणून ती थेट कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकायची नाही. धातूची बादली, तिला धातूचं झाकण, भिंतीपासून लांब, आणि ४८ तासांनी चमच्यानं ढवळून कुठंच धग नाही हे बघितलं की मगच बाहेर.